गुरुत्वाच्या नकाशाची किनार

जावा-सुमात्राच्या बाहेरच्या समुद्रात गुरुत्व अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरते, हे 1920च्या दशकात डच भूभौतिकीतज्ज्ञ वेनिंग माइनेस यांनी पाणबुडीतून मोजून दाखवले. लाटांवर हेलकावणाऱ्या जहाजात लंबक काम देईना, म्हणून त्यांनी पाण्याखालचा मार्ग धरला. ताडमाड उंचीच्या या गृहस्थाने पाणबुडीच्या त्या बोळकांडीत दिवस कसे काढले असतील, कोण जाणे! त्यांना सापडलेला ऋण पट्टा सागरी खंदकाच्या बाजूने जातो, कारण तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरताना कवचाला खाली ओढतो. ज्वालामुखींची रांग मात्र त्याच्यापासून बरीच आत, जमिनीच्या बाजूला असते. तिथेही गुरुत्व घटलेले आढळते, पण त्याचे कारण वेगळे. या दोन घटींची सरमिसळ केली की पुढचे सगळे विवेचन चुकते.

मोजमापाचे एकक मिलिगॅल, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाचा साधारण दहालक्षांश भाग. उपकरण एक मीटर वर नेले तरी वाचन सुमारे 0.3 मिलिगॅलने घटते, त्यामुळे मोजणीच्या जागेची उंची नेमकी ठाऊक नसेल तर वाचनाला काही अर्थ उरत नाही. उंची, भोवतीचे डोंगर आणि डोंगराखालच्या कवचाची जाडी यांचा हिशेब वजा केल्यावर जे शिल्लक राहते, ती समस्थायित्वीय अवशिष्ट विसंगती. ज्वालामुखीखाली काय दडले आहे याचा अंदाज बांधताना हीच कामाची.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतची कॅस्केड पर्वतरांग हे याचे उत्तम उदाहरण. रिचर्ड ब्लेकली आणि रॉबर्ट जेकन्स यांनी 1990 मध्ये दाखवले, की उत्तरेच्या माउंट बेकरपासून कॅलिफोर्नियातल्या लासेन शिखरापर्यंत, थेट ज्वालामुखींच्या रांगेखालून, कमी गुरुत्वाची एक अरुंद पन्हळ जाते. ती दोन ठिकाणी तुटते: एकदा दक्षिण वॉशिंग्टनमध्ये, आणि दुसऱ्यांदा माउंट शास्ता व लासेन शिखर यांच्या दरम्यान. या खंडांचा ज्वालामुखींच्या गटांशी मेळ बसतो, असे त्यांचे म्हणणे.

पन्हळ दिसली की पहिला मोह होतो तो खाली शिलारसाचा साठा आहे असे म्हणण्याचा. इथे थोडे गणित करून पाहावे. एक किलोमीटर जाडीचा विस्तीर्ण थर भोवतालच्या खडकापेक्षा दर घन सेंटिमीटरला 0.4 ग्रॅमने हलका असेल, तर गुरुत्व सुमारे 17 मिलिगॅलने कमी भरते. फरक 0.2 ग्रॅम आणि जाडी दोन किलोमीटर धरली तरी उत्तर तेच येते! थर प्युमिस व राखेने भरलेल्या खचदरीचा असो, अर्धवट वितळलेल्या खडकाचा असो वा निव्वळ गरम कवचाचा, घटीचा आकडा त्यातला फरक सांगत नाही. म्हणून घट किती, यावर फारसे विसंबू नये असे मला वाटते.

किनारीचे तसे नाही. विसंगती थोड्या अंतरात झपाट्याने बदलत असेल, तर तिचे कारण खोल असूच शकत नाही, कारण खोलवरच्या वस्तुमानाचा ठसा जमिनीपर्यंत येईतो पसरट होतो. तीव्र उतार याचा अर्थ हलका व जड खडक उथळावरच शेजारी आले आहेत, आणि ज्वालामुखी प्रदेशात त्यांना असे शेजारी आणण्याचे काम बहुधा प्रस्तरभंग करतो. एक बाजू खचते, तिथे राख, गाळ आणि लाव्हाचे तुकडे साठतात. दुसरी बाजू जुन्या खडकासह उभी राहते. पृष्ठभागावरची भेग नंतरच्या लाव्हाखाली गाडली गेली तरी गुरुत्वातला उतार टिकून राहतो.

अपवादांनी हे चित्र अधिक स्पष्ट होते. मुख्य रांगेच्या पूर्वेला असलेल्या न्यूबेरी आणि मेडिसिन लेक या विस्तीर्ण ज्वालामुखींखाली गुरुत्व घटण्याऐवजी वाढलेले दिसते. तिथे शिलारस पुन्हा पुन्हा कवचात शिरून गोठला आणि भोवतालपेक्षा जड झाला, असे मानतात. म्हणजे जिवंत ज्वालामुखी आणि ऋण विसंगती यांचे नाते कायमचे नाही. काय साचले आणि काय गोठले, यावर ते ठरते.

दक्षिण कॅस्केड्समधल्या प्रस्तरभंगांच्या दिशाही इथे पाहण्याजोग्या आहेत. 1997 मध्ये ब्लेकली व सहकाऱ्यांनी नोंदवले, की शिलारसाने सक्रिय असलेल्या, कमी गुरुत्वाच्या पट्ट्यांत तरुण प्रस्तरभंग साधारण उत्तर-दक्षिण आहेत, तर त्या पट्ट्यांबाहेर ते वायव्य-आग्नेय वळतात. गरम कवच दुबळे असते, त्यामुळे प्रादेशिक ताणाला ते वेगळ्या पद्धतीने वाट देते, असा याचा एक अर्थ लावता येतो. भेगांमुळे शिलारसाला वाट मिळाली, की शिलारसाच्या उष्णतेने कवच मऊ होऊन भेगा तिथे वळल्या? माझा कौल दोन्हींना आहे, पण क्रम ठरवायला गुरुत्व पुरत नाही. त्यासाठी लाव्हांची वये लागतात.

सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीपाशी हा गुंता आणखी वाढतो. सुमारे 1900 किलोमीटर लांबीचा सुमात्रा प्रस्तरभंग बेटाच्या ज्वालामुखींना जवळपास समांतर धावतो, पण टोबाच्या कॅल्डेरातून न जाता नैर्ऋत्येकडून जातो. (टोबाची राख आपल्याकडेही पोहोचली, जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरी इथे ती सापडते, पण ती 74,000 वर्षांपूर्वीच्या महास्फोटातली की त्याहून बरीच जुनी, हा वाद आहे.) प्रस्तरभंगाच्या जुन्या वळणात कवच ताणले जाऊन टोबाची जागा तयार झाली, असा एक तर्क आहे. कॅल्डेरावर गुरुत्व घटलेले आहे, पण स्फोटानंतर खचलेल्या त्या खड्ड्यात हलक्या राखेचा प्रचंड भराव आहे. त्यामुळे जुन्या वळणाची किनार, असलीच, तर कॅल्डेराच्या स्वतःच्या किनारीत मिसळून गेली आहे. भूकंपलहरी तिथल्या कवचातून जाताना मंदावतात, म्हणून शिलारसाबाबत आपण जे काही ठामपणे बोलतो ते मुख्यतः त्यांच्याच आधारे.