एकाच एका घासाची गोष्ट

बचत गटाच्या बैठकीत हिशोब संपला, की शेवटची दहा मिनिटे आपोआप मुलांवर येतात. पोरगं भाजीला हात लावत नाही. पोरगी सकाळी चहा-बिस्कीट खाऊन शाळेत जाते. दहा रुपये दिले, की पाकीट घेऊन येतात आणि मग जेवत नाहीत. यावर आपण नेहमी म्हणतो, "आमच्या वेळी असं नव्हतं." आज मी तुम्हाला त्या "आमच्या वेळी"च्याही मागे नेणार आहे. आपल्या मुलांच्या ताटाला इतिहास आहे आणि त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

आपला भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने इथे तलाव बांधले. आज आपण त्यांना मालगुजारी तलाव म्हणतो. त्या तलावांनी बांधीला पाणी दिले, तसे ताटालाही बरेच काही दिले. मासे दिले, शिंगाडे दिले. बांधीच्या धुऱ्यावर तूर उभी राहायची. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी भाजी, रानातली काटवले, आवारात मुंगन्याच्या शेंगा आणि पाला, हिवाळ्यात जवसाची चटणी. भात मध्ये होता, पण एकटा नव्हता. आपल्या सासू-आज्यांना प्रथिने, लोह हे शब्द माहीत नसतील, तरी त्या सगळे त्यांच्या स्वयंपाकात होते.

पण जुने ते सगळे सोने, असेही नाही. आपल्या लाखोळीचेच घ्या. धान उभे असतानाच ओल्या बांधीत बी फेकायचे, पुढे नांगरट नाही की पाणी नाही, तरी पीक हाती येते. गरिबाची ही डाळ. दुष्काळात सगळे गेले तरी लाखोळी उरायची आणि मग घरात महिनोन्महिने तेवढीच शिजायची. त्यातून माणसांच्या पायातली ताकद जायची, काही जण कायमचे अधू व्हायचे. 1830 च्या सुमारास सागर भागात गहू बुडाला, तेव्हा लोकांनी हीच डाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली आणि कितीतरी तरणी माणसे लंगडी झाली. स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे लिहून ठेवले आहे. पुढे 1961 मध्ये या डाळीच्या विक्रीवर कायद्याने बंदी आली. महाराष्ट्राने ती 2008 मध्ये उठवली. आता कमी विषारी वाणही निघाले आहेत. यात ध्यानात ठेवायची गोष्ट अशी, की वाटीभर वरण इतर अन्नासोबत खाणारे घर आणि तीन महिने दुसरे काहीच न मिळालेले घर, यांत फार फरक होता. पाय गेले ते बहुतेक दुसऱ्या घरातल्यांचे.

दुसरी गोष्ट तांदळाची. पूर्वी धान उखळात कांडायचे. तांदूळ थोडा लालसर राहायचा, कोंड्याचा पातळ थर त्याला चिकटून असायचा. मग गिरण्या आल्या. बाईच्या हातांचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. पण तांदूळ पांढराशुभ्र करण्याची चढाओढही लागली. तिकडे जावा बेटावर 1890 च्या दशकात आइकमन नावाच्या डच डॉक्टरांना दिसले, की पांढरा केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि न सडलेला तांदूळ दिला की उठून चालू लागतात. माणसांना होणारा बेरीबेरी रोग यातूनच उलगडला. कोंड्यासोबत फेकले जात होते ते ब-1 जीवनसत्त्व. 1929 मध्ये आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडच्या उष्ण्या तांदळात हे जीवनसत्त्व जास्त टिकते, कारण धान उकडताना ते कोंड्यातून दाण्यात उतरते. तेव्हा उष्ण्या भाताला नाक मुरडणाऱ्या पोरांना ही कोंबड्यांची गोष्ट जरूर सांगा.

आता शाळेत येऊ. शाळेत मुलांना जेवण देण्याची कल्पना आपल्या देशात शंभर वर्षे जुनी आहे. मद्रास महापालिकेने 1925 मध्ये ती सुरू केली. 1956 मध्ये मुख्यमंत्री कामराज यांनी त्या राज्यात ती मोठ्या प्रमाणावर नेली. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना 1972 च्या दुष्काळातली सुकडी आठवत असेल. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली. आपली अंगणवाडी ती हीच.

15 ऑगस्ट 1995 ला शाळेच्या आहाराची देशव्यापी योजना आली, पण तेव्हा शिजवलेले जेवण नव्हते. महिन्याला 80 टक्के हजेरी असेल, तर मुलाला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. तो घरातल्या डब्यात जायचा आणि सगळ्यांत वाटला जायचा. मुलाच्या पोटात त्यातला किती गेला, कोण सांगणार? मग 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, कोरडे धान्य नको, शिजवलेले जेवण द्या. आपल्या शाळांतली खिचडी त्या आदेशातून आली. 2004 मध्ये याच न्यायालयाने आणखी सांगितले, की स्वयंपाकासाठी दलित आणि आदिवासी बायांना प्राधान्य द्यावे. एका पंगतीत बसून, त्यांच्या हातचे सगळ्या जातींच्या मुलांनी जेवायचे, हेही शिक्षणच आहे. 2008-09 पासून आठवीपर्यंतच्या मुलांना हे जेवण मिळू लागले. 2021 मध्ये योजनेचे नाव बदलून पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण झाले.

मैत्रिणींनो, खेड्यापाड्यांत हे जेवण आपल्यासारख्याच गटांच्या बाया शिजवतात. 2009 मध्ये केंद्राने त्यांचे मानधन ठरवले महिन्याला 1000 रुपये, तेही वर्षातले दहा महिने. राज्याने पुढे त्यात भर घातली, तरी चुलीच्या धुरात उभे राहून शेकडो मुलांचे करणाऱ्या बाईला ती रक्कम थोडीच आहे. हे मी मुद्दाम बोलते, कारण मुलांच्या आहारावर भाषणे पुष्कळ होतात आणि तो आहार शिजवणारीचे नाव कोणी घेत नाही.

नियम काय सांगतो तेही ऐका, कारण ते विचारण्याचा आपला हक्क आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीसाठी 150 ग्रॅम तांदूळ, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. म्हणजे भाजी तांदळाच्या निम्मी हवी. खिचडी पिवळी दिसली म्हणजे झाले, असे नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे, असे ठरवले होते. मुले खूश होती. जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्याचे पैसे देणे थांबवले. ज्या मुलाच्या घरी आठवडाभर अंडे येत नाही, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

आणखी एक खिंडार आहे. हे जेवण आठवीला संपते. नववीत जाणाऱ्या पोरीची पाळी नुकतीच सुरू झालेली असते, अंग वाढत असते, लोहाची गरज सगळ्यात जास्त असते आणि नेमके तेव्हाच शाळेतले ताट बंद होते. 2013 पासून आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती तिने घ्यावीच. पण गोळी म्हणजे जेवण नव्हे. त्या वयात तिच्या हाती येते ते दहा रुपयांचे पाकीट.

माझ्या मते पाकीट ही त्या जुन्या गोष्टीचीच नवी आवृत्ती आहे. लाखोळीने पाय घेतले, कारण दुसरे काही नव्हते. पांढऱ्या तांदळाने रोग आणला, कारण तोच मुख्य झाला. आज मीठ, तेल, साखर यांनीच पोट भरते आणि बाकीच्याला जागा उरत नाही. फरक एवढाच, की तेव्हा गरिबी होती, दुष्काळ होता. आज तरोटा, मुंगना, शिंगाडा सगळे दारात आहे आणि आपणच त्याला गरिबाचे खाणे म्हणून लाजतो. आई लाजली, की पोर शिकते.

सरकारनेही हे ओळखले आहे. 2017 मध्ये महाराष्ट्राने शाळांच्या उपाहारगृहांत असे पदार्थ विकायला मनाई केली. 2020 च्या केंद्राच्या नियमानुसार शाळेच्या फाटकापासून 50 मीटरपर्यंत ते विकता येत नाहीत. पण फाटकाबाहेरचा टपरीवाला आपल्याच गावचा असतो. त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्याला उकडलेले शिंगाडे, फुटाणे, शेंगदाण्याचे लाडू ठेवायला सांगा. आपल्याच गटाने ते करून दिले, तर चार पैसे आपल्याकडेही येतील.

घरी तीन गोष्टी करा. भाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा देऊ नका, तो लोह अडवतो. आणि पोरीला पोरापेक्षा कमी वाढू नका. शाळेच्या व्यवस्थापन समितीत आई-बाप सदस्य असतात, त्यात निम्म्या बाया असाव्या लागतात. या महिन्यात एकदा तिथे जा, पातेल्याजवळ उभ्या राहा, भाजी किती पडते ते बघा आणि शिजवणाऱ्या बाईला विचारा, "ताई, तुला काय कमी पडते?" उत्तर लिहून घ्या. पुढच्या बैठकीत हिशोबाच्या आधी तेच वाचू.