भट्टीतला पाव आणि पंक्तीतला माणूस

आज गावोगावी एस.टी. स्थानकाजवळ एक बेकरी हमखास दिसते. लादीपाव, खारी, टोस्ट घेताना कुणी विचारीत नाही, की भट्टीपाशी कोण बसलं आहे. पण हाच जिन्नस एके काळी माणसाला पंक्तीतून उठवीत असे. ती हकीकत थोडक्यात सांगतो.

'पाव' हा शब्द पोर्तुगीज 'पांव' वरून आला. पीठ पायांनी तुडवितात म्हणून पाव, असं काही जण सांगतात. ती नुसती ऐकीव गोष्ट. पोर्तुगिजांनी 1510 साली गोवा घेतला. मुलूख भाताचा, आणि पीठ फुगवायला त्यांच्याकडचं खमीर इथं मिळेना. मग माडाची सूर पिठात घालून ते आंबवू लागले. पाव भाजणारा तो 'पोदेर'. त्याच्या टोपलीत बघा किती प्रकार: कोंड्याची चपटी, आतून पोकळ पोळी, कडक सालीचा उंडो, बांगडीसारखं काकण. आता सुरेऐवजी बहुधा यीस्ट वापरतात. पण सकाळी सायकलचा भोंगा वाजला, की गोव्यातली पोरं अजूनही दाराशी धावतात.

मुंबई-पुण्याकडे दुसरी परंपरा आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर इराणातल्या यझ्द, केरमान या भागांतून झरतुष्ट्री मंडळी आली. त्यांनी चहाची दुकानं नि बेकऱ्या थाटल्या. त्यांचा ब्रून बाहेरून कडक. मस्का लावून चहात बुडवायचा. मुंबईत ग्रँट रोडचं मेरवान 1914 पासून मावा केकसाठी नावाजलं. पुण्याच्या कॅम्पात कयानी बेकरी 1955 साली निघाली. तिच्या श्रूजबेरी बिस्किटांना नाव मात्र एका इंग्रजी गावाचं!

आणि आपला लादीपाव? तो मऊ का, हे गुरुजींनी वर्गात जरूर विचारावं. गोळे ताटात एकमेकांना खेटून ठेवतात. आच वरून नि खालून लागते, बाजूंना लागत नाही. म्हणून बाजूंवर कडक साल धरत नाही. उंडो सुटा भाजतात, म्हणून तो चहूकडून कडक. शेजार बदलला, की पाव बदलतो!

माणसांचा शेजार मात्र इतका सोपा नव्हता. पाव खाल्ला म्हणजे धर्म बाटला, अशी समजूत होती. विहिरीत पाव टाकून गाव बाटविल्याच्या गोष्टी वसई-गोव्याकडे अजून सांगतात. पुण्यात तर 1890 साली पंचहौद मिशनमध्ये शहरातली पुढारी मंडळी व्याख्यानाला गेली. तिथं चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी नुसता पेला हाती धरला. पुढं नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि मोठं ग्रामण्य झालं. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी 1892 साली प्रायश्चित्त घेतलं. त्यावर त्यांचे सुधारक स्नेहीच नाराज झाले. एवढ्या थोर माणसांना एका पेल्यानं किती छळलं, बघा!

मग बदललं काय? उपदेशानं थोडं बदललं, पोटानं फार. गिरण्यांच्या शहरात पाळीवर जाणाऱ्याला हाती धरून खाता येईल असं अन्न हवं होतं. पाव स्वस्त, तयार, भरपोट. साठीच्या दशकात वडा पावात जाऊन बसला, नि तो सगळ्या महाराष्ट्राचा झाला. मिसळीलाही पावाची जोड मिळाली.

आता संकट निराळं आहे. धुराच्या त्रासामुळे मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलण्यास सहा महिन्यांची मुदत दिली. हवा स्वच्छ हवीच. पण नवी भट्टी घेणं लहान बेकरीवाल्याला जड जातं, हेही ध्यानी घ्यावं.

गुरुजी, एक काम मुलांना सांगा. गावात पहिली बेकरी कुणी काढली, आणि पहिला पाव घरात आला तेव्हा आजी काय म्हणाली, हे त्यांनी विचारून लिहावं. पुस्तकात न सापडणारा इतिहास त्या वहीत सापडेल.