मोटरची प्लेट (अश्वशक्ती)

विद्युत मोटरच्या अंगावर रिव्हेटने ठोकलेली धातूची पट्टी. क्षमता, व्होल्ट, अँपिअर, फेरे हे तीवर कोरलेले असते. बालाघाटाच्या पठारावर नेकनूर (ता. बीड) भागातल्या बोलण्यात मात्र मोटर ‘तीनची’, ‘पाचची’ नाहीतर ‘साडेसातची’, प्लेटवरचे बाकीचे रकाने मोटर जळेपर्यंत कोणी वाचत नाही.

अर्थ : प्लेटवरची अश्वशक्ती (एच.पी.) म्हणजे शाफ्टवर मिळणारी शक्ती, तारेतून ओढलेली वीज नव्हे. 1 एच.पी. = 746 वॅट; म्हणून पाचच्या मोटरीवर 3.7 किलोवॅट असते. कार्यक्षमता 85 टक्के धरल्यास ती पूर्ण भारावर सुमारे 4.35 किलोवॅट ओढते. फरकाची उष्णता होते. 415 व्होल्ट, तीन फेज, पॉवर फॅक्टर 0.85 असता करंट 7 अँपिअरच्या आसपास. खरा वाचण्याचा रकाना हाच : टाँग टेस्टर (तारेभोवती लावायचा करंटमापक) लावून जागेवर पडताळता येतो तो अँपिअर, एच.पी. नव्हे.

व्होल्टेज : डीपीपासून (रोहित्रापासून) लांबच्या टोकाला व्होल्टेज पडले तरी पंपाचे ओझे जवळपास तेच राहते, करंट वाढतो, वायंडिंग तापते. इन्सुलेशनचा वर्ग (बी 130°, एफ 155° से.) ही त्या तापण्याची सीमा. पाण्याने भरलेल्या पाणबुडी मोटरीच्या तारेला प्लॅस्टिकचे वेष्टन असते, तिला हे आकडे लागू नाहीत.

हेड : पंपसेटच्या प्लेटवर हेडची (पाणी उचलण्याच्या उंचीची) कक्षा व कमाल करंटही असतो. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरली की मोटरीला आराम, असा समज आहे. सेंट्रिफ्यूगल पंपात बहुधा उलट घडते. उचल कमी झाली की पाणी जास्त पडते आणि करंट चढतो. हेड कक्षेच्या खाली गेले, तर भरल्या विहिरीवर मोटर जळू शकते. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळणे हा जुना उपाय.

रिवाइंडिंग : वेढे किंवा तारेचा गेज बदलला तरी प्लेट जुनीच राहते. अशा मोटरीचा एच.पी. किती धरावा, याबाबत एकमत नाही.

आकारणी : मीटर नसलेल्या कृषिपंपांचे बिल प्रति एच.पी. आकारले जाते. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेची (2024) मर्यादा साडेसात एच.पी. आहे, त्यामुळे प्लेटच्या आकड्याला वजन आले.

सौरपंप : सरकारी योजनेत 3, 5 व 7.5 एच.पी.चे; जमिनीच्या क्षेत्रानुसार मिळतात.