तिसरी गोष्ट

बायकांचे पार्ट करणाऱ्या पुरुषांच्या गोष्टी आमच्या घरात दोन दिशांनी आल्या. वडिलांची आई कुडाळकडची. तिच्याकडून दशावतार आला. आईचे वडील मिरजेचे. त्यांच्याकडून संगीत नाटक आलं. दोघांची बोली वेगळी, सणवार वेगळे, आमटीची चवही वेगळी. पण साडी नेसलेल्या पुरुषाबद्दल बोलताना दोघांपैकी कुणीही संकोचलेलं मी पाहिलं नाही. मी क्रॉसड्रेसर आहे. साडी नेसून कॉलेजच्या मुलांसमोर उभा राहतो आणि माझ्याबद्दल बोलतो. ते बोलण्याचं बळ मला या दोन म्हाताऱ्या माणसांनी दिलं.

आजीची गोष्ट जत्रेची. कार्तिकात भातं घरात आली की सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात. देवळाभोवती पालखी फिरते आणि मध्यरात्रीच्या सुमारास दशावताराचा खेळ उभा राहतो. पायपेटी, पखवाज आणि झांज एवढंच संगीत. रंगमंचावर एक लाकडी बाकडं. तेच इंद्राचं सिंहासन आणि तेच रावणाचं. आधी गणपती येतो, रिद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते, मग काळा संकासुर लोकांना हसवून जातो आणि त्यानंतर आख्यान लागतं. त्याला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. पहाटे दहीहंडी फुटली की खेळ संपतो. या साऱ्यात बाई नसते. सीता, द्रौपदी, तारामती सगळे पुरुषच.

आजी लहानपणी देवळामागच्या पडवीत शिरून नटांना रंगताना बघायची. ती ते तपशिलात सांगे. नट आपापल्या ट्रंकेसमोर मांडी घालून बसलेले, प्रत्येकाच्या हातात छोटा आरसा, कंदिलाचा उजेड. दाढी दोनदा तासलेली. सफेदा पाण्यात कालवून आधी कपाळाला, मग गालांना, मग मानेला. भुवया काजळाच्या काडीनं कोरलेल्या. नऊवारी नेसताना मात्र बोलणं बंद व्हायचं. निऱ्या बोटांत धरून तो माणूस एकदा खाली बघायचा, कासोटा घट्ट ओढायचा आणि मान वर करायचा, तेव्हा तो दुसराच कुणीतरी झालेला असायचा. आजी म्हणायची, ‘सीता हुबी रवली काय बायका डोळे पुसूक लागत.’ दिवसा भाताचे भारे वाहणारा माणूस रात्री सीता होतो याचं तिला नवल वाटत नसे. तिच्या गावात ते घडतच आलं होतं.

आजोबांची गोष्ट गंधर्वांची. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि मिरजेला शकुंतला म्हणून उभे राहिले. आजोबांच्या वडिलांनी ते दिवस पाहिले होते, त्यामुळे शकुंतलेचं वर्णन आमच्या घरात दोन पिढ्यांच्या तोंडून उतरलं. आजोबांनी स्वतः पाहिली ती ‘एकच प्याला’मधली सिंधू. पैठण्या आणि अत्तरं मिरवणारे गंधर्व सिंधूसाठी ठिगळांचं लुगडं नेसून यायचे, आणि ते लुगडं नेसण्यातही इतकी अदब असायची की दारिद्र्य बघणाऱ्याला लाजवायचं, असं आजोबा सांगत. गंधर्व पदर कसा घेतात, अंबाड्यात फुलं कुठे माळतात, नथ केवढी घालतात, हे बघून पुण्या-मुंबईच्या बायका तशा नटू लागल्या. बाईनं कसं दिसावं हे मराठी बायका एका पुरुषाकडून शिकल्या, आणि त्यात कुणालाही वावगं वाटलं नाही.

आजोबांची आवडती हकीकत ८ जुलै १९२१ची. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. ज्या केशवरावांच्या मर्दानी आवाजावर लोक जीव टाकत होते, तेच लहानपणी देवलांच्या ‘शारदे’त शारदा झाले होते. म्हणजे त्या रात्री रंगमंचावरची प्रेयसी पुरुष होती आणि प्रियकरानंही एके काळी चोळी-परकर घातला होता. मास्टर दीनानाथ ‘भावबंधन’मध्ये लतिका झाले. विष्णुपंत पागनीसांनी नाटकांत स्त्रीभूमिका केल्या आणि १९३६मध्ये प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये ते तुकोबा झाले, पुढे घराघरांत तुकोबा म्हटलं की त्यांचाच चेहरा डोळ्यांपुढे येऊ लागला. पहिल्या हिंदुस्थानी कथापटात, १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये, तारामतीला बाई मिळाली नाही म्हणून दादासाहेब फाळक्यांनी अण्णा साळुंके यांना उभं केलं. पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. आजोबांना हे सगळं पाठ होतं आणि ते अभिमानानं सांगत.

तिसरी गोष्टही आजीचीच, पण ती तिनं मला एकदाच सांगितली. मी तेव्हा कॉलेजात होतो. आजीच्या माहेरच्या वाडीतला एक माणूस दशावतारात स्त्रीपार्ट करायचा. आवाज गोड, चेहरा रेखीव. त्याची द्रौपदी बघायला पलीकडच्या गावांतून माणसं चालत येत. खेळ संपला की बाकीचे नट लुगडी सोडून पंचे गुंडाळत आणि ओढ्यावर तोंड धुवायला जात. हा तसाच, लुगड्यावर, घरी जायचा. पहिल्यांदा लोकांना वाटलं, दमला असेल. मग तो घरातही नेसू लागला. एका सकाळी विहिरीवर पाणी भरायला तसाच आला. रात्री ज्यांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं होतं, त्यांच्याच पोरांनी त्याच्यावर दगड भिरकावले. पुढच्या हंगामात त्याला कुठल्या कंपनीनं घेतलं नाही. तो मुंबईला गेला, एवढंच आजीला ठाऊक होतं. ती म्हणाली, ‘रातीक नेसलो तेव्हा पायां पडले, सकाळी नेसलो तेव्हा दगड मारल्यानी.’ मग ती उठून चुलीकडे गेली. तिनं मला हे का सांगितलं, हे तिनं बोलून दाखवलं नाही. माझ्या कपाटात आत्याची जुनी साडी घडी करून ठेवलेली आहे हे तिला माहीत होतं, असं मला आज वाटतं.

मला साडी का नेसावीशी वाटते याचं मोठं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पदर खांद्यावर आला की श्वास खोल जातो, अंग सैल होतं. दिवसभर ऑफिसात जो माणूस वावरतो तोच मी असतो, फक्त त्याला आता काही लपवायचं नसतं. लग्नाआधी बायकोला सांगितलं. तिनं विचार करायला वेळ मागितला, घेतला आणि हो म्हणाली. माझ्या निऱ्या अजूनही तीच नीट करून देते. बाहेरच्या जगाचा अनुभव असा चांगला नाही. एका भाड्याच्या घरात गच्चीवर वाळत घातलेल्या ब्लाउजचं माप पाहून मालकांनी चौकशी केली आणि महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. मी वाद घातला नाही. सामान बांधताना आजीच्या वाडीतला तो माणूस डोळ्यांपुढे होता.

एका परिचित प्राध्यापिकेनं मानसशास्त्राच्या वर्गात बोलायला बोलावलं, तेव्हापासून मी कॉलेजांत जाऊ लागलो. मुलं आधी माझ्या साडीकडे बघतात, मग चेहऱ्याकडे, मग एकमेकांकडे. मी त्यांना बघू देतो. सर म्हणायचं की मॅडम, हा पहिला प्रश्न ठरलेला. मी सांगतो, तुम्हाला जे सोपं वाटेल ते म्हणा, दोन्हींत मला राग नाही. पण माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला भेटलात तर हाच प्रश्न त्यालाही विचारा, कारण त्याचं उत्तर वेगळं असू शकेल. दुसरा प्रश्न येतो, तुम्हाला बाई व्हायचंय का? मग मी फळ्यावर तीन वेगळ्या ओळी लिहितो: मी काय नेसतो, मी स्वतःला कोण मानतो, माझं प्रेम कुणावर बसतं. या तीन गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधतो आणि मग गोंधळतो. मी साडी नेसतो, स्वतःला पुरुष मानतो आणि माझं प्रेम माझ्या बायकोवर आहे. दुसऱ्या कुणाच्या तीन ओळी अगदी निराळ्या असतील. जी जन्मानं पुरुष ठरवली गेली पण आहे बाई, तिची साडी हा तिचा रोजचा पोशाख आहे. तिला क्रॉसड्रेसर म्हणणं चूक. १५ एप्रिल २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं नालसा खटल्यात सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे. हे मुलांनी नीट समजून घ्यावं म्हणून मी या भागाला सर्वांत जास्त वेळ देतो.

मग इतिहास. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता, हे बहुतेक मुलांना माहीत नसतं. सरकारनं आधी त्यांची नोंदवही करायची; आणि नोंद झालेली व्यक्ती बायकी वेशात किंवा दागिन्यांत रस्त्यावर दिसली, किंवा चारचौघांत नाचली-गायली, तर तिला वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. उत्तर हिंदुस्थानात हा कायदा राबवला जात होता, त्याच काळात इकडे १८८०मध्ये पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ उभं राहिलं आणि पाठोपाठ भाऊराव कोल्हटकरांच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्र वेडा झाला. एकाच राजवटीत, एकाच वेषाला, एकीकडे तुरुंग आणि दुसरीकडे टाळ्या. तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला तर टाळ्या आणि टिंगल दोन्ही एकाच फडात आल्या. मुलांनी ‘नटरंग’ पाहिलेला असतो. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा तो सिनेमा. तालमीत कमावलेलं शरीर मोडून नाच्या झालेला गुणा त्यांच्या लक्षात असतो, म्हणून हा मुद्दा त्यांना लगेच पोचतो.

एका वर्गात मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, ‘म्हणजे बालगंधर्वही तुमच्यासारखेच होते का?’ वर्ग शांत झाला. मी म्हटलं, नाही, तसं म्हणण्याचा मला अधिकार नाही. ते नट होते, ती त्यांची साधना होती. ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, १२ मार्च १९११ला, त्यांची लहान मुलगी गेली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. त्यांच्या मनात साडीबद्दल काय होतं हे त्यांनाच ठाऊक. गेलेल्या माणसावर मी माझं नाव चिकटवणार नाही. मला त्यांच्या पुण्याईवर जगायचंही नाही. आपल्या समाजानं पुरुषाच्या अंगावरची साडी मान्य केली, पण प्रत्येक वेळी कारण मागून. नाटकासाठी असेल तर चालेल. देवासाठी असेल तर चालेल. यल्लम्माचे जोगते लुगडं नेसून दारात आले की बायका परडीत जोगवा घालतात. हसवण्यासाठी असेल तर अजूनही गॅदरिंगला चालतं. आजीच्या वाडीतल्या त्या माणसाकडे सकाळच्या लुगड्यासाठी कारण नव्हतं. ते त्याला आवडत होतं, एवढंच. माझ्याकडेही तेवढंच आहे.

त्याच मुलानं पुढे विचारलं, मग आम्ही काय करायचं? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून त्याचं उत्तर मी नेमकं देतो. वर्गातल्या कुणाचा साडीतला फोटो ग्रुपवर आला तर पुढे पाठवू नका, आणि पाठवणाऱ्याला तिथेच थांबवा. होस्टेलच्या खोलीत मित्राच्या बॅगेत ओढणी दिसली तर त्यानं सांगेपर्यंत थांबा, आणि त्यानं सांगितलं तर ते तुमच्यापाशीच ठेवा. तो घाबरलेला दिसला तर त्याला एकटं सोडू नका. आणि त्याच्याकडे कारण मागू नका. यातलं काहीच अवघड नाही. कुडाळकडच्या त्या वाडीलाही हे सहज जमलं असतं; रात्रभर देवळासमोर बसून तिनं त्या माणसाला कारण न विचारता डोळे भरून पाहिलंच होतं.