रक्ताचा निरोप्या

अंगात रक्त कमी झाले की आपण आधी ताटाकडे पाहतो. पालेभाजी खा, गूळ-शेंगदाणे खा, असे नामपूरच्या बाजारातले कोणीही सांगेल, आणि पुष्कळदा ते बरोबरही ठरते. लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई 1928 साली मुंबईस आल्या आणि त्यांनी गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांचा पांडुरोग तपासला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी 1931 मध्ये दाखवून दिले. उणीव अन्नातलीच होती.

पण मूत्रपिंडे निकामी होत चाललेला माणूस पांढराफटक पडतो, त्याचे काय? त्याला नुसता गूळ पुरत नाही. असे का, हे कळायला मोठा काळ जावा लागला.

आपल्या साल्हेरवर चढताना धाप लागते खरी, पण ती चढाची. गड 1567 मीटरच उंच. पेरू देशातील मोरोकोचा मात्र साडेचार हजार मीटरांवर. तिथे 1889 च्या सुमारास व्हिओ नावाचा फ्रेंच संशोधक गेला, आणि काही आठवड्यांत त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी वाढल्या. हवा विरळ, म्हणून रक्त जास्त! पण हाडांतल्या मगजाला, जिथे रक्त तयार होते, ही वर्दी देतो कोण? 1906 मध्ये पॅरिसच्या कार्नो आणि देफ्लांद्र यांनी सांगितले, की रक्तातूनच कोणी निरोप्या जात असावा. पुढे त्याला एरिथ्रोपोएटिन हे नाव मिळाले. नाव जिभेला जड आहे, आपण निरोप्याच म्हणू.

तो निघतो कुठून? 1957 मध्ये शिकागोच्या जेकबसन यांनी उंदरांचे एकेक इंद्रिय काढून पाहिले. मूत्रपिंडे काढली, तेव्हाच निरोप्या थांबला. म्हणजे मूत्रपिंड केवळ गाळणी नव्हे. रक्तात प्राणवायू किती आहे हे ते जोखते, आणि कमी पडला की मगजाला हुकूम धाडते. ते खराब झाले की मगज शाबूत असूनही स्वस्थ बसतो. तांबडी पेशी जगते जेमतेम 120 दिवस. जुन्या जातात, नव्या पुरेशा येत नाहीत.

निरोप्या हाती लागणे मात्र महाकठीण. जपानचे मियाके यांनी पांडुरोग्यांचे अडीच हजार लिटर मूत्र जमवले, आटवले, आणि ते सत्त्व शिकागोला गोल्डवासर यांच्याकडे नेले. 1977 मध्ये त्यातून शुद्ध द्रव्य निघाले काही मिलिग्रॅम! मग त्याचे जनुक सापडले, पेशींकडून ते बनवून घेता येऊ लागले, आणि 1989 साली अमेरिकेत त्याच्या इंजेक्शनाला मान्यता मिळाली. तोवर डायलिसिसच्या पुष्कळ रोग्यांना वारंवार दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागे.

इंजेक्शन घेऊनही अंगात लोह नसेल तर काम अडते. गवंडी आला पण विटाच नाहीत, तशी गत. शिवाय जास्त म्हणजे चांगले, असेही नाही. हिमोग्लोबिन फार वर चढवले तर हृदयाला धोका वाढतो, हे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. म्हणून मात्रा डॉक्टरच रक्त तपासून ठरवतात. मधुमेह किंवा रक्तदाब असलेले कोणी घरात फिकट दिसू लागले, तर हिमोग्लोबिनबरोबर क्रिएटिनिनही तपासून घ्यावे.