पहूर–मुंबई : अंतर व प्रवासकाळ

पहूर हे जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील, वाघूर नदीकाठचे बाजाराचे गाव. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा त्याच्या दोन ग्रामपंचायती. सरळ हवाई रेषेत गाव मुंबईपासून सुमारे ३४५ किमी. पडते. या आकड्याचा प्रवाशाला उपयोग फारसा नाही. कांगो नदीच्या समोरासमोरच्या काठांवर किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन राजधान्या हाकेच्या अंतरावर आहेत, पण मध्ये पूल नाही. बोट चुकली की जवळपणा संपला. पहूरचेही तसेच. इथे अंतर मोजायचे ते गाठायच्या गाडीपासून.

जळगाव–छत्रपती संभाजीनगर रस्ता (राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ) गावावरून जातो आणि जामनेर, बोदवड, मुक्ताईनगरकडे जाणारा ७५३ एल इथेच फुटतो. जळगाव सुमारे ४० किमी., जामनेर सुमारे १६. म्हणजे एसटीने जळगाव गाठायला तासभर धरावा. पुढे जळगाव–मुंबई लोहमार्ग ४२० किमी.; त्याला सहा-सात तास.

जुनी वाट मात्र पाचोऱ्याची. पाचोरा–जामनेर ही ७६२ मिमी. रुंदीची, ५६ किमी. लांबीची छोटी रेल्वे, लोकांच्या तोंडी ‘पीजे’, १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाली. ती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीची होती. शेंदुर्णी सोडली की पहूर, मग भागदरा आणि जामनेर. संपूर्ण मार्गाला दोनेक तास लागत, म्हणजे सरासरी वेग ताशी तीसच्या आतबाहेर. पाचोरा मुंबईपासून ३७२ किमी.; तिथे फलाट बदलायचा आणि भुसावळकडून येणारी मोठी गाडी पकडायची. गाठ जमली तर हा मार्ग जळगावपेक्षा सोयीचा. हुकली, तर पाचोऱ्याच्या बाकावरचा वेळ पहूर–पाचोरा प्रवासाहून लांब होई, आणि तो वेळापत्रकात छापलेला नसे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत पीजे थांबली. रुंदीकरण करून ती बोदवडपर्यंत नेण्याची योजना आहे.

विमानाचा हिशेब मजेशीर आहे. जळगावचा विमानतळ शहराच्या अलीकडे, कुसुंब्याला, याच जळगाव–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर आहे; त्यामुळे पहूरकराला तो जळगावच्या आधी लागतो. २३ डिसेंबर २०१७ रोजी ‘उडान’ योजनेत एअर डेक्कनने मुंबई–जळगाव सेवा सुरू केली, ती छोट्या, वीसच्या आतल्या आसनांच्या विमानाने. ती टिकली नाही. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, तीही गेली. २०२४ मध्ये पुन्हा उड्डाणे सुरू झाली. एटीआर जातीचे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किमी. जाते, मुंबई ते जळगाव विमानतळ या ३५५ किमी.च्या सरळ अंतराला हवेतला निव्वळ वेळ पाऊण तास. चढउतार आणि धावपट्टीवरची वाट धरून वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास दिसतो. त्यात पहूरहून कुसुंब्याला पाऊण तास, तपासणीसाठी तास-दीड तास आधी पोचणे आणि सांताक्रूझ विमानतळाहून मुंबईतले घर गाठणे मिळवले, की पाच तास सहज होतात. रेल्वेच्या निम्म्यावर येईलसे वाटते, तेवढे येत नाही.

आणखी एक गंमत. कुसुंबा पहूरच्या उत्तरेस असल्याने मुंबईला उडण्यासाठी निघालेला पहूरकर आधी मुंबईपासून दहाएक किलोमीटर लांब जातो.