‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ : एका रोगनामाचा इतिहास

रोगाचे नाव कधी कधी रोगाचे स्वरूपच झाकून टाकते. ज्वर वा खोकला नसताना झिजत गेलेल्या एका तरुणीची हकीकत रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ मध्ये क्षयरोगावरील आपल्या लॅटिन ग्रंथात नोंदविली. लंडनचे विल्यम गल यांनी १८६८ मध्ये अशा विकारास अपचनवाचक नाव दिले होते. परंतु घेतलेले अन्न पचते, हे ध्यानी आल्यावर त्यांनी ते टाकून १८७४ च्या निबंधात ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ ही संज्ञा योजली. पॅरिसचे लासेग यांनी १८७३ मध्येच हा विकार हिस्टेरियाजन्य म्हणून वर्णिला होता.

ग्रीक ‘ऑरेक्सिस’ म्हणजे इच्छा, भूक. आरंभीचे ‘ॲन्’ संस्कृत ‘अन्’प्रमाणेच अभावदर्शक. वस्तुतः या रुग्णांची भूक बहुधा नष्ट झालेली नसते. वजन वाढण्याच्या भयाने ती दडपलेली असते. कृशतेच्या हव्यासाचा निर्देश करणारे जर्मन नाव अधिक यथार्थ होय. मराठीत ‘क्षुधानाश’ म्हटल्यास जुनाच प्रमाद पुढे चालेल, आणि भूक वाढविण्याच्या औषधांत या प्राणघातक ठरू शकणाऱ्या विकारावरील उपचारांचा मोलाचा काळ निघून जाईल.